सहावा महिना, रो-रो आणि पांढऱ्या कांद्याची माळ

फेब्रुवारीच्या अखेरीस आम्ही मुंबईहून अलिबागजवळच्या नागावला तीन दिवसांसाठी जाऊन आलो. आम्ही म्हणजे आई-बाबा, पत्नी, मी आणि अद्याप जन्माला न आलेले आमचे बाळ. पत्नीला बाविसावा आठवडा चालू होता. उलट्या थांबलेल्या आणि पोटाचा भार अजून फारसा जाणवत नाही, असा हा मधला काळ असल्याने डॉक्टरांनी तपासणी करून होकार दिला. मात्र त्यांच्याकडून औषधांची चिठ्ठी, रक्तगट आणि शेवटच्या सोनोग्राफीचा अहवाल असलेली फाईल बरोबर घेण्यास त्यांनी बजावले. ती फाईल डिकीत न टाकता हाताशी ठेवावी.

नागाव निवडण्यामागे समुद्रकिनाऱ्याइतकेच दुसरे कारण होते: अलिबाग हे रायगड जिल्ह्याचे ठिकाण असल्याने जिल्हा रुग्णालय तेथेच आहे आणि नागावहून ते फार लांब नाही. काशीदचा किनारा मला अधिक आवडतो, पण तो बराच पुढे आहे, म्हणून या खेपेस त्याचा विचार केला नाही.

रस्त्याने वडखळमार्गे जाण्याऐवजी आम्ही भाऊच्या धक्क्यावरून गाडीसह रो-रोने, म्हणजे गाड्याही वाहून नेणाऱ्या मोठ्या बोटीने, मांडव्याला गेलो. साधारण तासाभराचा हा प्रवास गर्भवतीला रस्त्यापेक्षा सुसह्य वाटतो, कारण खड्ड्यांचे हिसके बसत नाहीत, वाटेल तेव्हा उठून चालता येते आणि स्वच्छतागृह जवळ असते. गाडी खाली ठेवून वर बसायला जिना चढावा लागतो, त्यामुळे गर्दीच्या आधी पोहोचून सावकाश चढावे. गेटवेहून जाणाऱ्या लहान बोटींत मात्र हलत्या बोटीत पाऊल टाकावे लागते. सहाव्या महिन्यात मी ते टाळले. गाडीत सीटबेल्ट लावायचाच, पण त्याचा खालचा पट्टा पोटावरून न घेता पोटाखालून, मांड्यांच्या वर घ्यावा, हे माझ्याप्रमाणेच पुष्कळांना माहीत नसते.

दुसऱ्या दिवशी आई-बाबांना अलिबागच्या समुद्रातला कुलाबा किल्ला पाहायचा होता. ओहोटीला तेथे चालत जाता येते, पण वेळ चुकली तर पंचाईत होते. बाबांचा हिशेब जुना आणि सोपा आहे: तिथीला पाऊणने गुणले की भरतीची अंदाजे वेळ मिळते आणि त्यानंतर सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी असते. त्या दिवशी द्वादशी होती, म्हणजे भरती नऊच्या सुमारास आणि ओहोटी तीनच्या आसपास. दोघे दोन वाजता निघाले आणि साडेचारच्या आत परतले. कृष्ण पक्षात तिथी पुन्हा प्रतिपदेपासून मोजायची, हे विसरू नये. अष्टमीच्या आसपास ओहोटीला पाणी कमीच ओसरते आणि वाट पुरती कोरडी होईलच असे नाही, म्हणून किनाऱ्यावरच्या स्थानिकांना विचारल्याशिवाय पाण्यात उतरू नये.

आम्ही दोघे, म्हणजे हिशेबाने तिघे, सावलीत बसून राहिलो. या वयाच्या गर्भाला आवाज जाणवू लागतात असे वाचले होते, त्यामुळे मी पोटाशी वाकून बाळाला अलिबागची माहिती सांगू लागलो: मुंबईत ट्राम विजेवर चालणार म्हणून तिथल्या कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा १९०४ मध्ये येथे आणावी लागली, कान्होजी आंग्रे यांची समाधी याच गावात आहे. बाळाने काहीही प्रतिसाद दिला नाही. पत्नीच्या मते त्याला झोप लागली असावी.

त्याने हालचाल केली ती संध्याकाळी, रस्त्याकडेच्या टपरीपाशी. अलिबागचा पांढरा कांदा या दिवसांत नुकताच काढलेला असतो, आणि तो पातीसकट वेणीसारखा गुंफून विकतात. आई भाव करीत होती, आवाज बराच चढला होता, आणि माझा तळवा पत्नीच्या पोटावर असताना आतून एक स्पष्ट ढुशी बसली. आईने दहा रुपये कमी करून घेतले, पण मी त्यानंतर काय बोलले गेले ते ऐकलेच नाही.

जेवणाबाबत एवढेच सांगतो. घरगुती खानावळीत आदल्या रात्रीच जेवण सांगून ठेवावे, म्हणजे मासळी ताजी मिळते. सुरमईसारख्या मोठ्या माशांत पारा अधिक साठतो, म्हणून आम्ही पूर्ण शिजवलेला बांगडा घेतला. सोलकढी घरी केलेलीच प्यावी आणि पाण्याची शंका असल्यास शहाळे मागवावे.

मुरुडला जंजिऱ्याकडे जाणे आम्ही जाणूनबुजून टाळले, कारण तेथे शिडाच्या होडीतून किल्ल्याच्या पायरीवर उडी मारल्यासारखे उतरावे लागत होते. डोंगरावरच्या कनकेश्वर मंदिराच्या शेकडो पायऱ्यांचाही प्रश्न नव्हता. पत्नीला याची थोडी हळहळ वाटली. मला अजिबात नाही.

परतीचे तिकीट रविवारच्या संध्याकाळचे न काढता दुपारचे काढावे, कारण संध्याकाळी मांडव्याला गाड्यांची रांग लागते. कांद्याची माळ मात्र गाडीत ठेवू नये. बंद काचांत तिचा वास पत्नीला सहन होईना, आणि भाऊच्या धक्क्यावरून घरापर्यंत बाबा ती माळ गळ्यात घालून टॅक्सीने आले.