ओईटी स्पीकिंग : ‘उच्चार सुधारा’ म्हणे, पण कुठे?

ओईटी म्हणजे परदेशात काम करू पाहणाऱ्या नर्स-डॉक्टरांसाठीची इंग्लिशची परीक्षा. तिच्या वाचन, श्रवण, लेखन यांत काही अडलं नाही. इतकी वर्षं नर्सिंग केल्यावर केस नोट्स नव्या नसतात. अडलं ते बोलण्यात, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही. बडोद्याच्या उन्हात दांडिया बाजारातून अलकापुरीला क्लाससाठी जायचं, आणि प्रत्येक मॉकनंतर (सराव परीक्षेनंतर) हातात एकच शेरा: ‘उच्चार सुधारा’. कोणत्या शब्दाचा? विचारलं की, “ताई, इंग्लिश बातम्या ऐका.” एकाने तर अमेरिकन ढब आणायला सांगितलं. ढबीला गुण नसतात. ऐकणाऱ्याला सहज कळतंय का, ते बघतात.

खरं दुखणं होतं ते शब्दातल्या जोराचं, म्हणजे आघाताचं. मराठीत आपण शब्दातली अक्षरं जवळपास सारख्याच वजनाने बोलतो. इंग्लिशच्या लांब शब्दात मुख्य जोर एकाच सिलेबलवर (एका दमात बोलल्या जाणाऱ्या तुकड्यावर), बाकीची दबतात. तो कुठे पडणार, हे बहुतेक वेळा शब्दाचं शेपूट सांगतं. ‘इक’ किंवा ‘शन’ असेल तर त्याच्या अगदी आधी: अ‍ॅलर्जीत जोर ‘अ‍ॅ’वर, पण अलर्जिकमध्ये ‘लर्’वर, इन्फेक्शनमध्ये ‘फेक्’वर. टॉक्सिकमध्ये ‘टॉक्’, तर टॉक्सिसिटीत पहिला ‘सि’, कारण ‘इटी’ही आपल्या आधीच्या सिलेबलवर जोर ओढते. आर्थ्रायटिस, ब्रॉन्कायटिसमध्ये ‘आय’वर. कार्डिऑलजी, न्यूरॉलजीत ‘ऑ’वर. एवढं सांगायला किती वेळ लागतो? फी घेणाऱ्यांनी सांगितलं नाही. शेजारच्या निवृत्त शिक्षिका काकूंनी शब्दकोश उघडून एका संध्याकाळी दाखवलं.

शब्दकोशात उच्चारापाशी वरच्या बाजूला बारीक उभी रेघ असते. ती जोराच्या सिलेबलच्या आधी येते, नंतर नाही. मूळ शब्दात ठिपके दिसले तर ते ओळीच्या शेवटी शब्द कुठे तोडायचा त्यासाठी. त्यांच्यावरून उच्चार ठरवू नका. अर्थाचे तुकडे आणखी वेगळे. अँटिबायोटिकमध्ये ‘अँटि’ आणि ‘बायो’ ओळखले की अर्थ लागतो, पण बोलताना ‘बायो’ मधूनच फुटतो: अँ-टि-बाय-ऑ-टिक, जोर ‘ऑ’वर.

हो, ‘इक’ला अपवाद आहेत. अरिथ्मटिकमध्ये (अंकगणित) जोर ‘रिथ्’वर.

आणि समोर पेशंट बनून बसलेल्या माणसाच्या चेहऱ्याकडे बघून घाबरू नका. गुण तो देत नाही, रेकॉर्डिंग ऐकून दुसरे परीक्षक देतात. संवादाचा प्रसंग लिहिलेलं कार्ड वाचायला तीन मिनिटं मिळतात, त्यात आधी लांब शब्द शोधा आणि त्यांचा जोर मनात पक्का करा. मला स्पीकिंगला ‘बी’ मिळाला, यूकेत नर्स म्हणून नोंदणीसाठी तेवढाच लागतो.