डावा आणि उजवा

वापरलेले स्नीकर विकणाऱ्या एका दुकानासाठी मी फोनवर फोटो काढते. एरवी हे निवांत काम. त्या दिवशी मात्र टेबलावर परत आलेला एक पांढरा जोड होता आणि सोबत त्याचं भांडण. गिऱ्हाईक म्हणत होतं, सोल पिवळा पडलाय. जोडाचा मालक म्हणत होता, फोटो बघा, पांढराशुभ्र आहे. त्याने फोटो स्वतःच काढले होते. माझ्याकडे आले ते निवाड्याला.

गिऱ्हाइकाचे फोटो मी लगेच बाजूला ठेवले. घरातल्या पिवळट बल्बखाली नवा कोरा कागदही पिवळाच दिसतो. शिवाय ते अगदी जवळून काढलेले. फोनची मुख्य लेन्स बरीच वाइड असते, त्यामुळे बुटाला चिकटलं की टोक फुगतं आणि टाच आक्रसते. मालकाचे फोटो मात्र नेटके. खिडकीचा उजेड, मागे साधा पुठ्ठा, जरा लांबून २ एक्स झूमवर घेतलेले, फोन सोलच्या उंचीवर, बुटात कागद कोंबलेला, लेस सारख्या केलेल्या. माझ्या हाताखाली असता तर शाबासकीच दिली असती. प्रत्येक बुटाचा वेगळा फोटो, एवढंच काय ते.

आणि तिथेच गोम होती. फोनचा ऑटो व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं पांढरंच दिसावं म्हणून रंग आपोआप जुळवणारी सोय, प्रत्येक फोटोला उजेडाच्या रंगाचा नव्याने अंदाज बांधते. फ्रेमभर एकच फिकट पिवळट बूट असला, तर फोनला वाटतं उजेडच पिवळा आहे, आणि तो ती झाक काढून टाकतो. वर मालकाने एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा उजळपणा, चढवलं होतं. पांढऱ्या बुटाला ते लागतंच, नाहीतर फोन पांढऱ्याचा राखाडी करतो. पण जरा जास्त चढलं की फिकट रंग धुऊन जातो.

मी फोनचा प्रो मोड लावला, त्यात सगळं आपल्या हाताने ठरवता येतं. बाहेर ढगाळ होतं, म्हणून व्हाइट बॅलन्स ६५०० केल्विनवर, म्हणजे ढगाळ उजेडाच्या रंगावर, बांधून टाकला, खोलीतली ट्यूबलाइट बंद केली, सावलीच्या बाजूला थर्मोकोलची पाटी उभी केली आणि दोन्ही बूट शेजारी शेजारी ठेवून एकाच फ्रेममध्ये घेतले. उजवा पांढरा. डाव्याचा सोल सरळसरळ सायीच्या रंगाचा.

मालकाला फोन लावला. "डावा कुठे ठेवला होता?"

"शोकेसमध्ये, ताई. उजवा खोक्यात होता."

ऊन आणि हवा लागून सोल पिवळा पडतो, हे या धंद्यात नवं नाही. काचेआड असला तरी दिवसाच्या उजेडाने पडतोच. म्हणजे गिऱ्हाईक खरं बोलत होतं, त्याचा फोटो भिकार असला तरी. मालकानेही लपवाछपवी केली नव्हती. त्याने दोघांना एकत्र उभंच केलं नव्हतं. पायात घातल्यावर मात्र ते आपोआप शेजारी आले!

जोड परत घ्यायचं ठरलं. मालकाने कुरकुर केली नाही, उलट नव्या जाहिरातीसाठी माझाच फोटो मागितला. पाठवला. पाच मिनिटांत त्याचा मेसेज:

"ताई, भारी आलाय. तेवढा डावा एडिटमध्ये पांढरा करता येईल का?"