थंडीत पाखरं बघायची तर उभं राहायची तयारी हवी

आम्ही ११ जण, २ गाड्या, आणि पारा ६ अंशांवर. उजाडायच्या आधी तलावाच्या बांधावर पोचलो तर समोर नुसतं धुकं. पलीकडे कुठेतरी चक्रवाक ओरडत होते, दिसत काहीच नव्हतं.

माझी फजिती तिथेच झाली. मफलर नाकावर ओढलेला, त्यामुळे श्वासाची वाफ वर जाऊन थेट दुर्बिणीच्या काचांवर. वैतागून स्वेटरच्या बाहीनं पुसलं, तर काचा आणखी बरबटल्या. तेव्हा मफलर हनुवटीखाली ठेवा आणि मऊ कापड खिशात असू द्या. कॅमेऱ्याची जादा बॅटरी आतल्या खिशात, अंगाच्या उबेला. गारठ्यात ती लवकर मान टाकते. दुर्बीण ८×४२ (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिमीच्या भिंगाची) पुरते. कुडकुडणाऱ्या हातात १०×ची प्रतिमा जास्तच थरथरते.

कपडे चालण्याच्या नव्हे, उभं राहण्याच्या हिशेबानं घाला. आम्ही तासभर जागचे हललो नाही आणि गारठा सगळा तळव्यांतून वर चढला. एकीनं जुन्या फोमच्या चटईचा तुकडा आणला होता, त्यावर ती मजेत उभी! घट्ट बुटात दोन-दोन मोजे कोंबू नका, पाय उलट जास्त गार पडतात.

साडेआठला धुकं विरलं. वीसेक थापट्या बदकं चोची पाण्यात घालून गोल गोल फिरत होती. पुढच्याच्या पायांनी पाणी ढवळतं, मागचा ते गाळून खातो. चोचीच्या कडांना कंगव्यासारखे बारीक दाते असतात, दुर्बिणीतून तेही दिसल्यासारखे वाटले (वाटले असतील नुसतेच). काठावर शेकाट्या हा लांब पायांचा पाणपक्षी एका पायावर, दुसरा पोटाच्या पिसांत. एवढ्या काटकुळ्या पायांना थंडी कशी सोसते? पायात उतरणारं गरम रक्त शेजारून परत येणाऱ्या गार रक्ताला ऊब देतं, म्हणून ती फारशी वाया जात नाही.

११ जण एकत्र म्हणजे गोंगाट. आम्ही उशिरा शहाणे होऊन दोन गट केले. 'तिकडे बघ' म्हणत हात फेकू नका. समोर घड्याळाचे बारा धरून 'दहा वाजताच्या दिशेला, वाळक्या फांदीखाली' असं हळू सांगा. सूर्य पाठीशी ठेवा.

यादी ३४ जातींवर थांबली. चोच पाठीत खुपसून झोपलेलं एक तपकिरी बदक पस्तिसावं धरायचं का, यावर परतीच्या दोन्ही गाड्यांत दोन वेगळे निकाल लागले.