बेन बेल्लाचं पदक

माणगावला यशवंत घाडग्यांचा पुतळा आहे. 1944 च्या जुलैत इटलीत लढताना गेले, व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. मी लहानपणापासून बघत आलोय तो पुतळा. पण परवा अल्जेरियाबद्दल वाचत होतो तेव्हा कळलं की त्याच वर्षी त्याच इटलीत अजून एका गुलाम देशातला जवान लढत होता, अहमद बेन बेल्ला. फ्रान्सच्या सैन्यात, मोरोक्कन पलटणीत. मोंते कॅसिनोच्या लढाईनंतर खुद्द द गॉलने, म्हणजे फ्रान्सच्या तेव्हाच्या नेत्याने, त्याला पदक दिलं.

आणि दहा वर्षांत हाच माणूस फ्रान्सविरुद्ध बंदूक उचलणाऱ्यांच्या म्होरक्यांमधे!

मधे अल्जेरियातल्या सेतिफ गावचं प्रकरण झालं होतं. 8 मे 1945, जर्मनी हरली म्हणून जिकडेतिकडे मिरवणुका, तशी सेतिफमधेही निघाली, त्यात बूझिद साल नावाच्या पोराने अल्जेरियाचा झेंडा धरला होता म्हणून पोलिसांनी त्याला गोळी घातली. लोक पेटले, शंभरएक युरोपियन मारले गेले, आणि मग सैन्य, विमानं, नौदल, गोऱ्यांच्या हत्यारबंद टोळ्या, सगळंच त्या भागातल्या गावांवर सुटलं. सेतिफ, गेल्मा, खेराता. हजारो मेले, अल्जेरिया 45 हजार म्हणतो, आकड्यावर अजून वाद आहे. युरोप सुटल्याचा तोच दिवस, विचार करा.

मला आधी एक कोडं होतं, की मोरोक्को आणि ट्युनिशिया दोघंही मार्च 1956 मधे मोकळे झाले, मग शेजारच्या अल्जेरियालाच एवढं रक्त का सांडावं लागलं? तर ते दोघं कागदोपत्री संरक्षित राज्यं होती, म्हणजे नावाला वेगळी पण कारभार फ्रान्सच्या हातात, आणि अल्जेरियाला मात्र फ्रान्सने 1848 पासून स्वतःचे जिल्हेच करून टाकलं होतं. वसाहत नाहीच, फ्रान्सच आहे हा! पोर्तुगालने 1951 मधे गोव्याला सागरपार प्रांत म्हणायला सुरुवात केली ती हीच चाल. बरं, फ्रान्स आहे तर मग मताला किंमत द्या ना. 1947 च्या कायद्याने 120 जणांची असेंब्ली दिली, त्यात साधारण 10 लाख युरोपियनांना 60 जागा आणि 80 लाखांवर मुस्लिमांना पण 60, आणि 1948 ची निवडणूक तर सरकारनेच उघड उघड लुटली. हे वाचून माझं डोकंच तापलं. मतपेटीचा रस्ता असा बंद केल्यावर 1 नोव्हेंबर 1954 ला एफएलएनने, म्हणजे अल्जेरियाच्या राष्ट्रीय मुक्ती आघाडीने, ठिकठिकाणी हल्ले करून लढा सुरू केला, यात नवल काय.

ऑक्टोबर 1956 मधे बेन बेल्ला मोरोक्कोहून ट्युनिसला निघाला तर फ्रेंचांनी ते विमानच अल्जियर्सला वळवलं आणि त्याला आत टाकलं. पुढच्या वर्षी अल्जियर्समधे पॅराट्रूपर्सनी माणसांचे जे हाल केले ते इथे लिहवत नाही मला. 1958 ला द गॉल परत सत्तेवर आला, पदक देणारा तोच, आणि शेवटी मार्च 1962 मधे लढाई थांबवणारा एव्हियाचा करार त्याच्याच सरकारला करावा लागला, बेन बेल्लाही सुटला. 1 जुलैला सार्वमत, 5 जुलैला स्वातंत्र्य. 1830 मधे अल्जियर्स पडलं तेही 5 जुलैलाच, बरोब्बर 132 वर्षं.

बेन बेल्ला पहिला राष्ट्राध्यक्ष झाला. जून 1965 मधे त्याच्याच संरक्षणमंत्र्याने, बूमेदियनने, त्याला उलथवून कैदेत टाकलं. फ्रान्सने साडेपाच वर्षं ठेवलं होतं, स्वतंत्र अल्जेरियाने त्याच्या दुपटीहून जास्त.