पुठ्ठा की दोरी

मे महिन्यात दुपारी तीन वाजता सोलापुरात शहाणा माणूस पंख्याखाली आडवा होतो. 2025 च्या मे महिन्यात मी मात्र कॉम्प्युटर अपडेटला लावून बसलो होतो. निम्म्यावर आलं असेल, तेवढ्यात लाइट गेली. यूपीएस आहे घरात, पण त्याची बॅटरी दोन वर्षांपूर्वीच गेलेली. तेव्हापासून आई त्याच्यावर फुलदाणी ठेवते.

लाइट आली तेव्हा पडद्यावर पांढरे ठिपके गोल गोल फिरत होते. फिरून फिरून दमले की निळ्या पडद्यावर इंग्रजीत एक ओळ यायची.

"काय म्हणतंय?" आईनं विचारलं.

"नीट सुरू झालो नाही म्हणतोय."

"ते आम्हालाही दिसतंय की."

एरवी त्या कॉम्प्युटरकडे कुणी ढुंकून बघत नाही. सेकंड मालातला टॉवेल पांघरून तो कोपऱ्यात बसलेला असतो. त्या संध्याकाळी मात्र एकेकाला एकेक आठवायला लागलं. ताईच्या लग्नाचे सगळे फोटो त्यातच होते. अकरा वर्षांत ते कुणी एकदाही उघडले नव्हते. तरी ताईनं पुण्याहून फोनवर असा आवाज लावला, की मी तिचं मंगळसूत्रच हरवलंय.

ओळखीच्या दुकानदारानं पुरतं ऐकूनही घेतलं नाही. "फॉरमॅट मारावं लागतंय बघा. घेऊन या, तासात विंडोज मारून देतो. नाहीतर नवाच घ्या की, विंडोज 10 ऑक्टोबरात बंदच होणार आहे." तारखेपुरता तो बरोबर होता. 14 ऑक्टोबरनंतर विंडोज 10 ला नेहमीचे अपडेट मिळणार नव्हते. फॉरमॅट म्हणजे डिस्क पुसून कोरी करणं. पण आपल्याकडे विंडोज टाकत नाहीत, मारतात, हे माझ्या तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं. चुना मारावा, शिक्का मारावा, तसं. खाली काय होतं ते कुणी विचारायचं नाही.

अप्पा इतका वेळ खुर्चीत बसून बघत होते. ते तीस वर्षं अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत चादरीच्या कारखान्यात जॉबर होते. जॉबर म्हणजे माग अडला की ज्याच्या नावानं हाक पडते तो. कॉम्प्युटरला त्यांनी आजवर हात लावलेला नाही.

"किती वेळा चालू केलास?"

"दहा-बारा."

"दर वेळी एकाच जागी अडतंय का?"

मी बघितलंच नव्हतं.

चादरीवर फूल उमटतं ते जकार्डमुळे. मागाच्या डोक्यावर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ फिरत असते. एका आडव्या धाग्याला एक पुठ्ठा. भोक असेल तिथे सुई आत शिरते, हूक वर जातो आणि त्याला बांधलेल्या दोरीनं उभा धागा उचलला जातो. भोक नसेल तिथे धागा खालीच राहतो. फूल बिघडलं की नवखा माणूस थेट पुठ्ठ्यांची माळ उतरवायला निघतो. अप्पा आधी विणून झालेलं कापड पसरायचे. दर फुलात नेमक्या त्याच जागी एक टाका चुकत असेल तर पुठ्ठ्याचं भोक चुकलंय. चूक रेघेसारखी सरळ खाली उतरत गेली असेल तर पुठ्ठ्याचा दोष नाही, वर कुठेतरी दोरी तुटलीय.

मग वही घेऊन बसलो. चार वेळा चालू केला. दोनदा ठिपक्यांपाशी अडला, एकदा त्याच्याही आधी काळा पडदा, एकदा नुसतीच बीप. "मग पुठ्ठा नव्हे. आत बघ," अप्पा म्हणाले.

वायर काढली, बटण दाबून धरून आतली उरलीसुरली वीज जाऊ दिली आणि डबा उघडला. आत जी धूळ होती तिला धूळ म्हणणं म्हणजे तिचा अपमान. रॅमची, म्हणजे मेमरीची, पट्टी काढून तिचे सोनेरी दात भाचीच्या खोडरबरानं हलकेच पुसले आणि खट्‌ आवाज येईपर्यंत परत बसवली. त्यानंतर कॉम्प्युटर दर वेळी ठिपक्यांपाशीच अडायला लागला. बिघाड तसाच असूनही घरात आनंद झाला. अप्पांनी तर चहा मागवला. "आता पुठ्ठा बघ."

पण त्याआधी फोटो. डिस्क कोणत्या अवस्थेत आहे ते कळत नसताना दुरुस्तीची आज्ञा देणं म्हणजे सलाइन न लावता ऑपरेशन. मित्राच्या लॅपटॉपवर दोन पेन ड्राइव्ह तयार करून आणले, एकावर उबुंटू, एकावर विंडोज. उबुंटू ही विंडोजसारखीच कॉम्प्युटर चालवणारी दुसरी प्रणाली, डिस्कवर न बसवता नुसती पेन ड्राइव्हवरूनही चालवता येते. तिच्यातून आमची डिस्क उघडली आणि बाहेरच्या डिस्कवर फोटो उतरवत बसलो.

ते तासभर चाललं. तेवढ्यात अप्पांना सांगितलं, की ही पुठ्ठ्याची युक्ती फ्रान्समधल्या जकार्डनं 1804 च्या सुमाराला बसवली. ती पाहूनच इंग्लंडच्या चार्ल्स बॅबेजनं आपल्या गणिती यंत्राला पुठ्ठ्यांनी हुकूम द्यायचं ठरवलं. त्याच्या घरी जकार्डचं रेशमात विणलेलं चित्र होतं, त्या एका चित्राला चोवीस हजारांच्या आसपास पुठ्ठे लागले होते.

मला वाटलं, अप्पा कॉम्प्युटरकडे जरा मायेनं बघतील.

"चोवीस हजार!" ते म्हणाले. "ओवले कुणी असतील रे?"

पुढचं पटकन झालं. विंडोजच्या पेन ड्राइव्हवरून दुरुस्तीच्या पडद्यावर गेलो, काळ्या खिडकीत डिस्कवरच्या चुका शोधून दुरुस्त करणारं चेकडिस्क चालवलं (तिथे आपला सी ड्राइव्ह कधी कधी डी होऊन बसतो, अक्षर बघूनच आज्ञा द्यावी) आणि अर्धवट राहिलेला शेवटचा अपडेट काढून टाकला. पुन्हा चालू केला. ठिपके फिरले, थांबले आणि डेस्कटॉप आला.

लगेच लग्नाचे फोटो लावले. व्हिडिओ कॉलवर ताई. आई प्रत्येक फोटोत कोण आता नाही ते मोजत होती. वऱ्हाडाच्या बैठकीचा फोटो आला तसे अप्पा पुढे सरकले.

"थांब. मोठा कर."

मी ताईचा चेहरा मोठा केला.

"ती नव्हे रे. खाली. चादर."

बैठकीवर मोराची चादर अंथरलेली होती. अप्पांनी चष्मा काढून पुसला, परत लावला आणि पडद्यावर बोट ठेवून वरून खाली आणलं.

"बघ, कशी सरळ उतरलीय. दोरी."