तळाच्या बुचावरचं १९१६

आज सकाळपासून मांडीवर जुनी चादर, हातात मऊ ब्रश आणि समोर शंभरी ओलांडलेला मिल्स बॉम्ब, म्हणजे पहिल्या महायुद्धातला ब्रिटिश हातबॉम्ब. घाबरू नका, पोकळ आहे! दारू आणि डिटोनेटर कधीच काढलेले. निकामी असल्याचा कागद हातात आल्याशिवाय मी असली वस्तू घरात आणतच नाही.

तळाचं बूच कापसाने पुसता पुसता एकेक अक्षर वर आलं. आधी कारखान्याचं नाव, मग १९१६. दहा मिनिटं नुसता बघत बसलो.

बिडाच्या अंगावरच्या चौकटी तुकडे नीट पडावेत म्हणून असतात, असं सगळ्यांना वाटतं. खरं तर त्या पकडीसाठी. कवच फुटायचं ते कसंही. पुढच्या ३६एम प्रकाराला ओल लागू नये म्हणून चक्क लाखेचा थर द्यायचे.

वायर ब्रशचा मोह होतोच, पण मूळ रंग एकदा गेला की गेला. मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात फिरवला, बस्स. आई म्हणाली, "देवसुद्धा इतक्या प्रेमाने घासत नाहीस."

संध्याकाळी एका मित्राचा फोन. खोदकामात असाच एक सापडलाय, साफ करून देतोस का? म्हटलं, हातसुद्धा लावू नकोस, लांब हो आणि आधी पोलिसांना कळव. रुसला. रुसू दे.