सव्हॅनातला हिरवा सोमवार

सोमवार, १७ मार्च २०२५, रात्र.

शनिवारी अटलांटाहून निघताना आईला एवढेच सांगितले होते की जॉर्जिया राज्यातले सर्वांत जुने शहर, सव्हॅना, दाखवतो आणि सोमवारी तिथे सेंट पॅट्रिक या आयरिश लोकांच्या संताच्या सणाची मोठी मिरवणूकही आहे. गाडीने चार तास लागले. हॉटेलने सणाचे निमित्त साधून नेहमीच्या तिप्पट भाडे लावले होते, पण ते आईला सांगितले नाही.

१७३३ साली जॉर्जिया वसाहतीचे संस्थापक जेम्स ओगलथॉर्प यांनी सव्हॅनाची आखणी केली, तेव्हाच घरांच्या प्रत्येक समूहाच्या मधोमध एक मोकळा चौक सोडला. पुढे असे २४ चौक झाले आणि त्यांतले २२ आजही आहेत. पर्यटक त्यांच्या सौंदर्याबद्दल बोलतात. माझ्या दृष्टीने त्यांचे मोठेपण असे, की गुडघे दुखणाऱ्या बाहत्तर वर्षांच्या बाईला दर दोन-तीन मिनिटांनी सावलीतला बाक मिळतो. ओकच्या फांद्यांवरून लोंबणाऱ्या राखाडी झुबक्यांना इथे स्पॅनिश मॉस म्हणतात, पण ते ना स्पेनचे ना शेवाळ. ती अननसाच्या कुळातली वनस्पती आहे. आईने त्यांना सरळ पारंब्या म्हणून टाकले. फॉरसाइथ पार्कमधल्या १८५८ सालच्या कारंज्याचे पाणी या सणासाठी हिरवे करतात. ते पाहून ती म्हणाली, "कालची धुळवड इथवर पोचली वाटतं."

आजची मिरवणूक सेंट पॅट्रिकच्या दिवसाची होती. १८३०च्या दशकात रेल्वे आणि कालवा खोदण्याच्या कामावर आयरिश मजूर इथे मोठ्या संख्येने आले, परंतु त्यांच्याही आधी, १८२४ मध्ये, इथल्या आयरिश लोकांनी पहिली सार्वजनिक मिरवणूक काढली होती. सकाळी कॅथीड्रलमध्ये प्रार्थना झाली आणि मग बँड, सैनिक आणि आपापल्या आडनावांचे फलक धरलेली कुटुंबेच्या कुटुंबे तासन्‌तास पुढून जात राहिली. एका फलकामागे काठी टेकणाऱ्या आजोबांपासून बाबागाडीतल्या तान्ह्यापर्यंत सगळे हिरव्या कपड्यांत चालत होते. कुणीतरी आईच्या गळ्यात हिरव्या मण्यांची माळ घातली, ती अजून तिने काढलेली नाही.

तरीही या तीन दिवसांतला खरा दिवस कालचा. रविवारी सकाळी, गर्दी जमण्याआधी, आम्ही नदीकाठी गेलो. शहर उंच कड्यावर आहे आणि कापसाच्या जुन्या वखारी कड्याला लागून खाली नदीपर्यंत उतरल्या आहेत. कडा आणि वखारींच्या वरच्या मजल्यांमध्ये लोखंडी पूल टाकलेले आहेत. या भागाला फॅक्टर्स वॉक म्हणतात. फॅक्टर म्हणजे आपले अडते. या पुलांवर उभे राहून ते खालून जाणाऱ्या गाड्यांमधला कापूस पारखत, असे सांगतात. खालच्या रस्त्यावरचे ओबडधोबड दगड जहाजांतून वजनासाठी आणलेले; दगड इथे उतरवायचे आणि त्यांच्या जागी कापूस भरायचा.

"अडते" हा शब्द ऐकताच आई पुलावर थांबली. तिचे वडील खामगावला एका जीनमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढण्याच्या कारखान्यात, दिवाणजी होते. सरकीच्या ढिगावर उड्या मारल्या की केसांत अडकलेली रुई आजी रात्री कंदिलाजवळ बसून वेचून काढायची, हे तिने मला यापूर्वी कधी सांगितले नव्हते. मग मी तिला सांगितले की, ज्याला आपण जीन म्हणतो ते यंत्र एली व्हिटनीने १७९३ मध्ये या शहराजवळच्याच मलबेरी ग्रोव्ह नावाच्या मळ्यावर तयार केले. सरकी काढण्याचे काम झपाट्याने होऊ लागले. पण त्यामुळे गुलामांचे कष्ट कमी झाले नाहीत, उलट कापसाचा पेरा वाढला आणि त्याबरोबर माणसांची खरेदी-विक्रीही. मार्च १८५९ मध्ये याच शहराबाहेरच्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानात दोन दिवसांत चारशेहून अधिक माणसे विकली गेली. ते दोन्ही दिवस पाऊस पडत होता. तीन वर्षांनी, एप्रिल १८६२ मध्ये, अमेरिकेतल्या उत्तर-दक्षिण यादवी युद्धात, उत्तरेच्या सैन्याने नदीच्या मुखाशी असलेला पुलास्की किल्ला घेतला आणि हे बंदर जवळजवळ बंद पडले. दक्षिणेच्या सगळ्याच बंदरांची अशी कोंडी झाली, तेव्हा इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या कापड गिरण्या मुंबईकडे वळल्या, कापसाचे भाव कडाडले आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच मुंबईतल्या पेढ्या धडाधड बुडाल्या.

आईने हे सगळे ऐकून घेतले आणि फक्त विचारले, "त्या मैदानात लेकरंही होती का?" होती, म्हणालो. त्यानंतर बराच वेळ ती कठड्यावर हात ठेवून खालच्या दगडांकडे बघत राहिली. तेवढ्यात नदीतून एक प्रचंड मालवाहू जहाज वखारींच्या छपरांवरून डोके काढत सावकाश निघून गेले. माझे लक्ष तिकडे गेले. तिचे गेले नाही.

आत्ता रात्रीचे दहा वाजले आहेत. तिकडे उजाडले असेल, म्हणून तिने मामाला फोन लावला. कारंजे, मिरवणूक, गळ्यातली माळ, यांतले काहीच न सांगता तिचे पहिले वाक्य होते, "अरे, आपल्या जीनचं गाव बघून आले."